अभिनयाची पदवी : अर्ज कुठे करायचा?

अभिनय शिकायचा म्हटलं की महाराष्ट्रात दोनच नावं पुढे येतात. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी, आणि पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, म्हणजे एफटीआयआय. बारावी झालेल्या मुलीचे आईवडील याच दोन नावांची चौकशी करत फिरतात आणि मग कळतं, की दोन्हीकडे बारावीवर प्रवेश नाही. आधी कोणत्या तरी विषयातली पदवी हवी. विषय कोणता, याला महत्त्व नाही. वाणिज्य चालतं, अभियांत्रिकीही चालते. त्यामुळे अठराव्या वर्षी या दोघींतली कोणती निवडायची हा प्रश्नच उद्भवत नाही. मधली तीन-चार वर्षं कुठे काढायची, हे ठरवायचं असतं.

त्याला दोन रस्ते आहेत. पहिला, बारावीनंतर थेट नाटकाचीच पदवी. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्राची धुरा नाटककार सतीश आळेकरांनी बरीच वर्षं सांभाळली. नाटक, संगीत आणि नृत्य हे तिन्ही विभाग तिथे एकाच आवारात नांदतात, आणि नाटकाच्या विद्यार्थ्याला याचा फायदा होतो : शेजारच्या वर्गात तबला वाजतोय, पलीकडे कथक चाललंय, हे रोज कानावर आणि डोळ्यांवर पडतं. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. पणजीत कला अकादमीचं नाट्यमहाविद्यालय गोवा विद्यापीठाशी जोडलेलं आहे. महाराष्ट्राच्या वेशीबाहेर डोकवायची तयारी असेल, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्सची स्वतंत्र विद्याशाखा आहे. तिचं मूळ सयाजीरावांनी १८८६ साली काढलेल्या संगीतशाळेत सापडतं. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स मात्र पदव्युत्तर शिक्षणाची जागा आहे. कालिन्याला २००३ पासून ती चालते, पण तिचा विचार पदवीनंतर.

दुसरा रस्ता आडवळणाचा वाटतो, पण मराठी मुलांनी तो भरपूर वापरला आहे : कोणतीही पदवी घ्यायची, पण कॉलेज असं निवडायचं जिथे नाटक खरोखर चालतं. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून होते आहे. त्या निमित्ताने पावसाळ्यात कॉलेजांमध्ये रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात, त्यात अभियांत्रिकीची मुलंही असतात. अशा कॉलेजात तीन वर्षं काढलेल्या मुलाला रंगमंचावर उभं राहायची भीती उरत नाही. उणीव राहते ती पद्धतशीर शिक्षणाची. आवाज, शरीर, नाट्यवाङ्मयाचा इतिहास हे सगळं वाट्याला येतं तेवढंच येतं. शिवाय स्पर्धेतल्या नाटकाला एक सवय लागते : परीक्षक पुढे बसलेत हे लक्षात ठेवून काम करायचं. पुढे नाट्यशाळेत गेल्यावर ती सवय मोडायला वेळ जातो.

माझं मत विचाराल, तर घरात आर्थिक ओढाताण असेल आणि हाताशी दुसरी पदवी हवी असेल, तर दुसरा रस्ता शहाणपणाचा. मूल नाटकाशिवाय दुसऱ्या कशात रमत नसेल, तर पहिला.

आता एनएसडीकडे वळू, कारण तिथला अर्ज आदल्या तीन वर्षांत तयार होतो. संस्था १९५९ साली संगीत नाटक अकादमीने स्थापन केली आणि १९७५ पासून ती स्वायत्त आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं. अभिनय की दिग्दर्शन आणि रचना हे त्यानंतर ठरतं. पदवीखेरीज आणखी एक अट असते : निदान सहा नाट्यप्रयोगांत सहभाग आणि त्याचे पुरावे. इथे मुलं अडकतात. कामं केलेली असतात, पण कागद नसतो. म्हणून पहिल्या वर्षापासूनच एक फाइल करा. प्रयोगाची पत्रिका, नाव छापलेलं वर्तमानपत्राचं कात्रण, स्पर्धेचं प्रमाणपत्र, तारखेसह फोटो, सगळं तिच्यात घाला. एकांकिका सहांमध्ये धरायची का, हे त्या वर्षीच्या प्रवेशसूचनेवरून किंवा थेट कार्यालयाला विचारून ठरवा. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. ज्याने तुमचं काम पाहिलं आहे अशा रंगकर्मीचं शिफारसपत्रही लागतं, तेव्हा दिग्दर्शकाशी संबंध जपून ठेवा.

निवड दोन टप्प्यांत होते. आधी देशातल्या निरनिराळ्या शहरांत प्राथमिक ऑडिशन, मग निवडलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा. प्राथमिक फेरी पाठ केलेल्या उताऱ्यांवर निभावून नेता येते. कार्यशाळेत ते चालत नाही. तिथे तुम्ही दुसऱ्यांबरोबर काम कसं करता, सूचना मिळाली की बदलता का, दमल्यावर काय करता हे दिवसच्या दिवस पाहिलं जातं. कोपऱ्यात उभं राहून आपली पाळी येण्याची वाट पाहणारा तिथे उठून दिसतो, आणि चांगल्या अर्थाने नाही.

एनएसडी पदवी देत नाही, पदविका देते. घरची मंडळी हे ऐकून नाराज होतात. पण असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजने ही पदविका शिकवण्याच्या नोकरीसाठी आणि पीएचडीच्या नोंदणीसाठी एमएच्या बरोबरीची मानली आहे. हाच प्रश्न प्रत्येक संस्थेला विचारायला हवा : शेवटी हातात काय देता? पदवी, पदविका की नुसतं प्रमाणपत्र? कॅमेऱ्यासमोर उभं राहताना हा कागद कुणी मागत नाही. मात्र अभिनय शिकलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे शाळा-कॉलेजांत नाटक शिकवतात, आणि त्या वाटेवर कागद मागतातच. परफॉर्मिंग आर्ट्स हा नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेतला विषय आहे आणि त्या पदासाठी तिथे बसायला पदव्युत्तर पातळीची मान्यता लागते.

एफटीआयआयचा स्क्रीन अॅक्टिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. आधी लेखी परीक्षा, मग ऑडिशन आणि मुलाखत. इथला रोख कॅमेऱ्याकडे आहे, आणि त्याच आवारात दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन शिकणारी मुलं असल्याने त्यांच्या फिल्ममध्ये काम करायला मिळतं. ही सोय दुसरीकडे सहसा नसते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची ज्यांना ओढ आहे, त्यांनी आधी रंगभूमीची शाळा बघावी. नसिरुद्दीन शाह आणि ओम पुरी दोघेही आधी एनएसडीत आणि मग एफटीआयआयमध्ये शिकले, तेव्हा एकीकडे गेलं की दुसरीकडचं दार बंद होतं असं काही नाही.

ही नावं निघालीच आहेत तर सांगतो, माजी विद्यार्थ्यांच्या यादीवरून संस्था निवडू नका. जया भादुरी, शबाना आझमी, नसिरुद्दीन शाह एफटीआयआयच्या ज्या अभिनयाच्या अभ्यासक्रमात शिकले, तो सत्तरच्या दशकात बंद पडला. आजचा अभ्यासक्रम २००४ साली नव्याने सुरू झाला. राजकुमार राव हा या नव्या पर्वातला. एनएसडीतल्या रोहिणी हट्टंगडी शिकल्या त्या संचालक इब्राहिम अल्काझींच्या काळात, आणि अल्काझी १९७७ साली तिथून गेले. भिंतीवरचे फोटो त्या वेळच्या शिक्षकांचे गुण सांगतात. आज वर्गात कोण येतं, हे तुम्ही शोधायचं.

ते शोधायचा सोपा उपाय म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रयोग पाहणं. वर्षअखेरीच्या निर्मितीला बाहेरच्या प्रेक्षकांना येऊ देतात का, चौकशी करा आणि जा. प्रयोग पाहताना मुख्य भूमिकेकडे कमी लक्ष द्या. मागे उभी असलेली, दोन वाक्यं वाट्याला आलेली मुलं पहा. ती जिवंत आहेत का, त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत का. प्रयोग संपल्यावर एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा : वर्षात पूर्ण लांबीची नाटकं किती होतात? तुला स्वतःला किती भूमिका मिळाल्या? आवाजाचा तास नियमित होतो का, की वेळापत्रकातच असतो? पूर्णवेळ शिक्षक किती आणि पाहुणे किती? बॅच साठ जणांची असेल तर प्रत्येकाला उभं राहून काम करायला वेळ मिळणं अवघड, हे साधं गणित आहे.

भाषेचा विचार बहुतेक जण शेवटी करतात, तो आधी करावा. दिल्लीत काम मुख्यतः हिंदीत चालतं. मराठी मुलाची हिंदी बोलता येण्याइतकी असते, पण रंगमंचावर ‘मैंने’ आणि ‘मेरे को’ यांतला फरक लगेच कानाला लागतो, उर्दू शब्द अडखळतात. त्यासाठी वर्षभर आधीपासून रोज मोठ्याने हिंदी वाचन सुरू करावं. कर्नाटकात हेग्गोडूची नीनासम संस्था एक वर्षाचं उत्तम प्रशिक्षण देते, पण कन्नडमध्ये. केरळात त्रिशूरचं स्कूल ऑफ ड्रामा नावाजलेलं आहे, तिथे मल्याळम येतं. हिंदी पट्ट्यात लखनौची भारतेंदू नाट्य अकादमी आणि भोपाळचं मध्य प्रदेश नाट्य विद्यालय हे अर्ज करण्याजोगे पर्याय आहेत. एनएसडीची केंद्रं बंगळुरू, वाराणसी, गंगटोक आणि आगरतळ्यालाही आहेत. मराठीतच काम करायचं पक्कं असेल तर पुणे, मुंबई, संभाजीनगर, पणजी ही यादी पुरेशी आहे, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

खासगी संस्थांबद्दल थोडक्यात. काही खरोखर चांगल्या आहेत, पण फी लाखांत जाते. सरकारी संस्थांत ती पुष्कळ कमी. एनएसडीत तर विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. तीन महिन्यांत अभिनेता करून देतो आणि मालिकेत काम देतो, असं जिथे पहिल्याच भेटीत सांगतात, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

एकूण चार-पाच अर्ज पुरतात. एखादा एनएसडी-एफटीआयआयसारखा, जिथे देशभरातून मुलं येतात; दोन आपल्या भाषेतल्या विद्यापीठांचे; एक परराज्यातला एका वर्षाचा. अर्जाच्या आणि ऑडिशनच्या तारखा एका कागदावर लिहून पदवीच्या परीक्षेशी ताडून पहा, कारण त्या बऱ्याचदा एकमेकींवर आदळतात.

आणि पहिल्या वर्षी कुठेच नाव लागलं नाही, तर लगेच पुढच्या आठवड्यात कर्ज काढून मिळेल त्या संस्थेत फी भरायला धावू नका. एनएसडीची वयोमर्यादा तीस वर्षांची आहे. एकविसाव्या वर्षी नकार आलेल्याला पुन्हा अर्ज करायला भरपूर वर्षं आहेत, आणि मधल्या काळात केलेली दोन चांगली नाटकं त्याच फाइलमध्ये जमा होतात.