सावलीतली इवली पाने : बुटक्या होस्टांची बाग

घराच्या उत्तरेकडची अरुंद पट्टी, मोठ्या झाडाखालची जागा किंवा जिन्याच्या कडेचा कोपरा बहुतेक बागांत ओसाड राहतो. तेथे ऊन पोहोचत नाही, त्यामुळे फुलझाडे रुसतात आणि हिरवळही विरळ होते. थंड हवामानाच्या देशांत अशा जागेसाठी ज्या वनस्पतीचा सर्वाधिक आधार घेतला जातो, ती म्हणजे होस्टा. फुलांपेक्षा पानांच्या रूपासाठी लावल्या जाणाऱ्या या वनस्पतीच्या अतिशय लहान, तळहातावर मावतील अशा जातींनी अलीकडच्या काही दशकांत बागप्रेमींचे विशेष लक्ष वेधून घेतले आहे. अमेरिका, कॅनडा वा ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या अंगणातही होस्टा हमखास भेटतो. मोठ्या होस्टाची निगा फारशी राखावी लागत नाही, हे खरे. लहान जातींचे गणित मात्र निराळे आहे. ते ठाऊक नसल्यामुळे हौसेने आणलेली रोपे एक-दोन हिवाळ्यांतच नाहीशी होतात.

मूळ घर आणि नातेवाईक

होस्टाचे मूळ घर जपान, कोरिया आणि चीन. जपानी भाषेत त्याला 'गिबोशी' म्हणतात. पुलांच्या कठड्यांवर बसवलेल्या कांद्याच्या आकाराच्या शोभेच्या टोप्यांनाही तेच नाव आहे, कारण होस्टाची कळी तशीच दिसते. तेथील डोंगराळ भागात त्याचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून खाल्ले जातात. जर्मन वैद्य फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड यांना १८२९ साली जपानमधून हद्दपार करण्यात आले, तेव्हा त्यांच्या वनस्पतिसंग्रहातून होस्टाचे अनेक प्रकार युरोपात पोहोचले. वंशाचे 'होस्टा' हे नाव त्याआधीच, १८१२ मध्ये, ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलस होस्ट यांच्या सन्मानार्थ देण्यात आले होते.

पूर्वी होस्टाची गणना लिलीच्या कुळात होत असे. आता त्याला शतावरीच्या कुळात स्थान मिळाले आहे. माळरानाच्या कुंपणाला लावली जाणारी काटेरी घायपात ही त्याची जवळची नातेवाईक आहे. एक रणरणत्या उन्हात तग धरते, दुसरा झाडांच्या सावलीत वाढतो. दोघांच्या गुणसूत्रांची रचना मात्र विलक्षण सारखी असल्याचे विसाव्या शतकातच लक्षात आले होते.

बुटका म्हणावे कोणाला?

होस्टाच्या आकारमानातील तफावत थक्क करणारी आहे. 'एम्प्रेस वू' या प्रचंड जातीचे झुडूप मीटरभराहून उंच होते, तर सर्वात लहान जातींचे पान अंगठ्याच्या नखाएवढे असते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन होस्टा सोसायटीच्या प्रदर्शनांत वर्गवारी पानाच्या क्षेत्रफळावरून केली जाते. पूर्ण वाढलेल्या झाडाचे पान सहा चौरस इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ३९ चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर तो होस्टा बुटक्यांत मोजला जातो.

येथे 'पूर्ण वाढलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेतील ऊतिसंवर्धनातून तयार झालेली कोणतीही रोपे विकत घेताना लहानच दिसतात. त्यामुळे इवल्या कुंडीतले गोजिरे रोप पाहून भुलू नये. जातीचे नाव आणि पूर्ण वाढीनंतरचा विस्तार पाहूनच खरेदी करावी. अन्यथा चार-पाच वर्षांत शेजारची सारी रोपे झाकून टाकणारा होस्टा दारी येतो.

निसर्गतः लहान असलेल्या प्रजातींमध्ये कोरियाच्या जेजू बेटावरील होस्टा व्हेनुस्टा प्रसिद्ध आहे. तिची पाने दोन-तीन सेंटिमीटरची असतात आणि ती जमिनीलगत हळूहळू पसरत जाते. अनेक बुटक्या संकरित जातींच्या वंशावळीत तिचे नाव सापडते. बागांत सर्वाधिक लोकप्रिय ठरलेली जात मात्र 'ब्लू माउस इअर्स'. उंदराच्या कानासारखी गोल, जाड, निळसर पाने असलेली ही जात 'ब्लू कॅडेट' या होस्टात ऊतिसंवर्धनाच्या वेळी आपोआप घडलेल्या बदलातून निर्माण झाली आणि २००८ साली तिला 'वर्षाचा होस्टा' हा मान मिळाला. तिच्यापासून पुढे 'चर्च माउस', 'होली माउस इअर्स' अशा जातींचे एक कुटुंबच उभे राहिले. 'पँडोराज बॉक्स' ही पांढऱ्या मध्याची जात दिसायला मोहक, पण वाढवायला अवघड समजली जाते.

लहानपणाची किंमत

या अवघडपणाचे कारण वनस्पतीच्या अन्ननिर्मितीत आहे. पान लहान म्हणजे अन्न कमी, अन्न कमी म्हणजे मुळांचा पसारा आणि साठाही कमी. पानाचा मधला भाग पांढरा असेल, तर तेथे हरितद्रव्य नसते आणि अन्न तयार करण्याचे काम केवळ हिरव्या कडेवर येऊन पडते. मोठा होस्टा एखादा दुष्काळ, गोगलगाईंचा एखादा हल्ला किंवा चुकीची जागा सहन करून पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो. बुटक्या होस्टापाशी तेवढी शिल्लक नसते. म्हणूनच मोठ्या होस्टासाठी दिला जाणारा सल्ला लहानांना जसाच्या तसा लागू करू नये.

पहिला फरक मातीचा. मोठे होस्टा भरपूर खत घातलेल्या, ओल धरणाऱ्या काळ्या मातीत पोसतात. तशाच मातीत बुटक्यांची उथळ मुळे कुजतात. त्यांच्यासाठी कुजलेल्या पानांचे खत, बारीक खडी आणि परलाइट यांचे मिश्रण करावे. पाणी धरले पाहिजे, पण तुंबता कामा नये. आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाऊस किंवा तेवढे पाणी पुरेसे ठरते. खत अर्ध्या मात्रेत वसंतात द्यावे आणि उन्हाळ्याच्या मध्यापासून थांबवावे.

दुसरा फरक सावलीचा. 'सावलीतली वनस्पती' याचा अर्थ अंधारातली वनस्पती असा नव्हे. सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन आणि दुपारी पानांतून गाळून येणारा उजेड बुटक्या होस्टांना उत्तम मानवतो. निळ्या जातींचा रंग हा पानावरील मेणाच्या थरामुळे असतो. दुपारच्या कडक उन्हाने तो थर नाहीसा होतो आणि पान साधे हिरवे दिसू लागते. त्यामुळे निळ्या जातींना अधिक सावली, तर पिवळ्या जातींना थोडे अधिक ऊन द्यावे.

तिसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. मेपलसारख्या वृक्षांची मुळे जमिनीच्या वरच्या थरातच जाळे विणतात आणि ओलावा शोषून घेतात. त्या जाळ्यात बुटके रोप गुदमरते. शरद ऋतूत गळणारा पालापाचोळा मोठ्या होस्टाला ऊब देतो, लहानाला मात्र ओल्या चटईसारखा दाबून टाकतो. तो वेळीच उचलावा आणि आच्छादनासाठी बारीक खडी वापरावी.

दगडी डोण्यांतली बाग

या सर्व अडचणींवर बागकारांनी शोधलेला उपाय म्हणजे उंचावरची लागवड. ब्रिटनमध्ये जुन्या दगडी डोण्या आणि स्वयंपाकघरातील दगडी मोऱ्या डोंगरी वनस्पतींसाठी वापरण्याची प्रथा आहे. अस्सल दगडी डोणी महाग पडते, म्हणून सिमेंट, पीट आणि परलाइट यांच्या मिश्रणातून तशीच दिसणारी हलकी भांडी घरच्या घरी ओतली जातात. तळाला भोके ठेवलेल्या अशा डोणीत चार-पाच बुटके होस्टा, एखादा लहान नेचा, थोडे शेवाळ आणि दोन-तीन दगड मांडले की लहानशा जागेत एक परिपूर्ण बाग उभी राहते. ही रोपे नजरेच्या जवळ येतात, हाही मोठा लाभ. जमिनीवर ती कोणाच्या लक्षातही येत नाहीत आणि पायाखाली जाण्याचे भय असते ते वेगळेच.

भांड्यातील लागवडीचा धोका हिवाळ्यात असतो. मुळे गोठण्यापेक्षा वारंवार गोठणे आणि वितळणे अधिक घातक असते. त्यामुळे रोप मातीतून वर उचलले जाते आणि मुळे उघडी पडतात. पाने गळाल्यावर कुंड्या ऊब नसलेल्या गॅरेजमध्ये किंवा भिंतीच्या आडोशाला ठेवाव्यात. माती कोरडी ठक्क पडू देऊ नये आणि ओलीचिंबही ठेवू नये.

गोगलगाई आणि अदृश्य शत्रू

होस्टाची पाने गोगलगाईंना, विशेषतः बिनशंखाच्या गोगलगाईंना, फार आवडतात. मोठ्या पानाला चार भोके पडली तरी चालते, बुटक्याचे मात्र एका रात्रीत सारे पान फस्त होते. जाड पानांच्या जाती त्यामानाने टिकतात. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा बागेतील वापर ग्रेट ब्रिटनमध्ये मार्च २०२२ अखेर बंद करण्यात आला, कारण त्या पक्षी आणि अन्य वन्यप्राण्यांना घातक ठरत होत्या. आता फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या वापरल्या जातात. अमेरिकेच्या अनेक उपनगरांत हरणे होस्टावर ताव मारतात. डोणी घराजवळ ठेवणे हाच त्यावरचा सोपा उपाय. पाळीव कुत्री-मांजरे असलेल्या घरांनीही सावध राहावे, कारण होस्टातील सॅपोनिन त्यांच्या पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होऊ शकतात.

याहून गंभीर शत्रू म्हणजे 'होस्टा व्हायरस एक्स'. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९९६ मध्ये हा विषाणू प्रथम ओळखला गेला. त्याची लागण झाल्यावर पानांच्या शिरांलगत शाई पसरल्यासारखे डाग उमटतात आणि पान सुरकुतते. गंमत अशी, की काही काळ या डागांनाच सौंदर्य समजले गेले. 'लेपर्ड फ्रॉग' आणि 'ब्रेकडान्स' या नावांनी बाजारात आलेल्या जाती प्रत्यक्षात आजारी रोपे होत्या, हे पुढे उघड झाले. या रोगावर औषध नाही. रोगट रोपाचा रस लागलेली सुरी वा कात्री निरोगी रोपाला लागली की संसर्ग होतो. लागण झालेले रोप कित्येक महिने, कधी वर्षेही, निरोगी दिसू शकते. म्हणून एका रोपाचे विभाजन झाल्यावर हत्यारे साबणाने धुऊन ब्लीचच्या द्रावणात बुडवावीत, संशयित रोप मुळांसकट काढून टाकावे आणि मित्रांना रोपे वाटण्यापूर्वी स्वतःची खात्री करून घ्यावी. प्रेमाने दिलेली फुटवी दुसऱ्याच्या बागेत रोग नेऊ शकते.

विभाजनाची घाईही करू नये. बुटक्या होस्टाला पूर्ण रूप येण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. दरवर्षी तोडून वाटत राहिल्यास ते कायम अशक्त राहते.

महाराष्ट्रात का नाही?

इंटरनेटवरील मोहक छायाचित्रे पाहून पुण्या-मुंबईत होस्टा लावण्याची इच्छा अनेकांना होते. येथे मात्र स्पष्ट नकार देणेच योग्य. होस्टाला हिवाळी झोप लागते. पाच अंश सेल्सिअसखालील तापमानाचे सुमारे ६०० ते ७०० तास मिळाले, तरच वसंतात जोमदार कोंब फुटतात, असा ढोबळ हिशेब बागायतदार सांगतात. महाराष्ट्रातील हिवाळा तेवढा कडक नसतो. आणलेले रोप पहिल्या वर्षी बरे दिसते, दुसऱ्या वर्षी खुरटते आणि पुढे संपते. दक्षिण फ्लोरिडासारख्या उष्ण भागांतही हाच अनुभव येतो. शीतकपाटात गड्डे ठेवून कृत्रिम हिवाळा घडवण्याचे प्रयोग होतात, पण ते हौसेपुरतेच. आपल्याकडील सावलीच्या कोपऱ्यासाठी नेचे, कॅलेडियम, पेपेरोमिया अशा उष्ण प्रदेशातील वनस्पती अधिक विश्वासू सोबती ठरतात.

जेथे थंडी आहे, तेथे मात्र बुटका होस्टा श्रमांचे चीज करतो. हिवाळाभर रिकामी भासणारी डोणी वसंताच्या उबेत एके दिवशी टोकदार कोंबांनी भरून जाते आणि पंधरवड्यात पाने उलगडतात. चांगला निचरा, सकाळचे ऊन, स्वच्छ हत्यारे आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर हे दृश्य वर्षानुवर्षे पाहता येते. सावलीचा कोपरा त्यानंतर ओसाड राहत नाही.