बांधकामावरची धूळ

शेजारी उंच इमारतीचे काम सुरू झाले, की आसपासच्या बिऱ्हाडांतून पहिली तक्रार उठते ती धुळीची. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर पिठासारखा थर बसतो आणि दिवसातून दोनदा फडके फिरवूनही तो हटत नाही. ही तक्रार रास्तच आहे. परंतु जी डोळ्यांना दिसते व फडक्याने पुसता येते, ती धूळ त्यातल्या त्यात सज्जनच म्हणावयाची. खरी घातकी धूळ दिसतच नाही.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. १०० मायक्रॉनचा वाळूचा कण छातीच्या उंचीवरून सुटला, तर दोन-तीन सेकंदांत जमिनीला लागतो. एका मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर निवांत हवेत उतरण्यास चार-पाच तास लागतात. आणि बांधकामावर हवा निवांत असते केव्हा? मोठ्या कणांना नाक आणि घसा अडवून धरतात. पाच मायक्रॉनांहून बारीक कण मात्र फुफ्फुसाच्या तळच्या वायुकोशांपर्यंत जाऊन पोहोचतात. असा कण गारगोटीचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचा असला, तर शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळतात खऱ्या, पण पचवू शकत नाहीत. त्या स्वतःच मरतात, त्या जागी व्रण धरतो, आणि स्पंजासारखे मऊ फुफ्फुस हळूहळू कठीण होत जाते. हाच सिलिकोसिस. त्यावर उपाय नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, आणि क्षयाला तर तो दारच उघडून देतो.

हे ज्ञान काही आजचे नव्हे. ॲग्रिकोलाच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथात, कार्पेथियन पर्वतातील खाणींजवळ सात-सात नवरे गमावलेल्या स्त्रिया असल्याची नोंद आहे. पुढे १९३० आणि १९३१ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे सिलिकेने भरलेल्या खडकातून बोगदा खणला गेला. पाण्याविना, कोरडीच भोके पाडण्यात आली. मजूर बहुतांशी दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय होते. त्यांतील शेकडो माणसे थोड्याच काळात दगावली. नेमकी किती, याचा हिशेब कधी लागला नाही.

दगडादगडांतही भेद आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात मुक्त गारगोटी फारच थोडी. राजस्थानच्या वालुकाश्मात ती भरपूर. तेथील खाणींत व दगडकामात या रोगाने इतके बळी घेतले, की राज्य सरकारला २०१९ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण आखावे लागले. अर्थात काळ्या पाषाणाच्या प्रदेशातही नदीची वाळू, ग्रॅनाइटची फरशी आणि काँक्रीट कापणारे चाक असतेच.

यावर साधन जुनेच आहे: पाणी. पण ते केव्हा घालावे, यातच सारे आहे. उडालेल्या धुळीवर टँकरने फवारा मारला, तर जाड कण खाली बसतात. बारीक कण पाण्याच्या मोठ्या थेंबाभोवतीच्या हवेबरोबर वळसा घालून निसटतात. म्हणून धुक्याचे यंत्र थेंब अगदी सूक्ष्म करते. मात्र जोराचा वारा सुटला, की ते धुकेही भलतीकडेच जाते. धूळ उडण्यापूर्वी ती भिजवणे हे सर्वांत शहाणपणाचे. कापणाऱ्या चाकाच्या धारेवरच पाण्याची बारीक धार सोडली, तर चुरा चिखल होऊन खाली पडतो. जेथे पाणी चालत नाही तेथे चाकाला आवरण व शोषनळी बसवावी लागते. राडारोडा वरच्या मजल्यावरून मोकळा फेकण्याऐवजी बंद नळातून उतरवणे, वाळूवर ताडपत्री घालणे, कोरड्या झाडूला मनाई करणे, ही कामेही त्यातलीच. पाणी अतोनात झाले, तर ट्रकच्या चाकांबरोबर चिखल रस्त्यावर जातो, सुकतो आणि पुन्हा धूळ होतो. फाटकाशी चाके धुण्याची सक्ती होते ती यामुळे.

केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये नियम केले: उघड्यावर कापणे-घासणे बंद, माती-वाळू झाकलेली, सभोवती वारा अडवणारा आडोसा. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये एक एकराहून मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंचीचे पत्रे मागितले. नियम चांगलेच आहेत. तथापि पत्र्याची भिंत शेजाऱ्याला वाचवते, आतल्या बिगाऱ्याला नव्हे. आतली धूळ आतच राहिली, तर ती त्याच्याच वाट्याला येते. तोंडाला बांधलेला गमछा किंवा पदर बारीक कण अडवत नाही. योग्य मुखवटाही चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी, आणि वैशाखाच्या उन्हात घमेली वाहताना तो दिवसभर कोण ठेवणार? मुकादमाने चाकाला पाण्याची नळी जोडून देणे त्याहून सोपे. शिवाय मजुरांची बिऱ्हाडे बहुधा कामाच्या कडेलाच, पत्र्याच्या खोल्यांत असतात. अंगावरच्या कपड्यांतून धूळ तेथे पोहोचते आणि तान्ह्या मुलांच्या अंथरुणात झटकली जाते. या खोल्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधणे, आणि काम सुटल्यावर अंग धुऊन कपडे बदलण्यासाठी नळ व आडोसा देणे, एवढे तरी कोणत्याही ठेकेदाराला जमण्यासारखे आहे.