गॅसच्या गोळीआडचा जंतू

बालाघाट-गोंदिया पट्ट्यात पोटात जळजळ सुरू झाली की निदान घरीच होतं: ‘पित्त’, नाहीतर ‘गॅस’. मेडिकलमधून पॅन्टॉप्राझोलची पट्टी येते, दोन-चार दिवसांत बरं वाटतं आणि पुढे तीच गोळी महिनोन्‌महिने चालते. गोळी वाईट नाही, पण ती आम्ल कमी करते, एवढंच. जळजळीमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल, तर तो जठरात मुक्काम ठोकून राहतो.

जठरातल्या आम्लात जंतू टिकूच शकत नाही, असं डॉक्टर मंडळी कित्येक वर्षं धरून चालली होती. हा मात्र युरियापासून अमोनिया बनवतो, भोवतालचं आम्ल बोथट करतो आणि अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. या जंतूमुळे रोग होतो हे लोकांना पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली! नोबेल मिळालं २००५ मध्ये. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला कर्करोगकारक ठरवलं होतं.

लागण बहुधा बालपणीच, घरातल्या घरात होते. सूज वर्षानुवर्षं राहते, अस्तर झिजतं, आतड्याच्या अस्तरासारखं होऊ लागतं आणि थोड्या जणांत पुढे जठराचा कर्करोग होतो. थोड्याच जणांत, हे महत्त्वाचं. भारतात लागण सर्रास आहे, पण मिझोरामसारखा भाग सोडला तर हा कर्करोग त्या मानाने कमी. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्याची तपासणी करा, असं मी म्हणणार नाही. तैवानच्या मात्सू बेटांवर हा रोग फार होता. तिथे २००४ पासून सगळ्यांना तपासून उपचार दिले आणि नव्या रुग्णांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आपल्याकडे आधी अल्सरवाले तपासावेत आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला तेही. कोरियात अशाच नातेवाइकांमधला जंतू घालवल्यावर त्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचं २०२० मध्ये दिसलं.

खरी गोम तपासणीतच आहे. गॅसची गोळी चालू असली की जंतू दबतो आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून दुर्बिणीच्या तपासणीसाठी नागपूरचा नंबर लावतानाच, गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. एरवी ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद ठेवतात. उपचार साधारण चौदा दिवसांचा, एकाच वेळी तीन-चार औषधांचा. तोंड कडू पडतं, मळमळतं, आणि पाचव्या दिवशी लोक सोडून देतात. जुलाबावर ऊठसूट मेट्रोनिडाझोल खाल्ल्याने आपल्याकडचे जंतू त्या औषधाला आधीच सरावलेत. त्यात अर्धवट कोर्स! औषधं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासून जंतू गेल्याची खात्री करायची, हे तर बहुतेक जण विसरतातच.

कोर्समध्ये बिस्मथ असेल तर शौचाला काळं होतं. त्याला घाबरू नये. बिस्मथ किंवा लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखं काळं झालं, वजन उतरलं, घास अडकू लागला, तर मात्र मेडिकलची पायरी न चढता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.