फेरोसिमेंट लादीची सामर्थ्य चाचणी
फेरोसिमेंट म्हणजे तारेच्या जाळीचे थर सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बुडवून केलेले पातळ बांधकामद्रव्य; फ्रान्समध्ये झोझेफ लांबो यांनी १८४८ मध्ये त्याची नौका बांधली. चाचणीसाठी साधारणपणे २८ दिवसांची लादी दोन टोकांना टेकवून आडवी ठेवतात. मधल्या भागात दोन ठिकाणी भार वाढवीत जातात व लादी किती वाकली ते डायल गेजवर वाचतात. पहिला तडा जाताना आणि लादी निकामी होताना असलेले भार वेगवेगळे नोंदवले जातात. जाळीमुळे तडकलेली लादीही भार पेलत राहते. त्यामुळे पाण्याच्या टाकीच्या बाबतीत दुसरा आकडा फसवा ठरू शकतो, कारण गळती तड्यातूनच सुरू होते. जाडी जेमतेम २५ मिलिमीटर असली, तर जाळी दोन-तीन मिलिमीटर सरकल्यानेही निकाल बदलतो. म्हणून चाचणीनंतर मोडलेल्या कडेवर जाळीची जागा मोजून पाहतात.