जिथे दोर हाडाला मिळतो

ऑगस्ट २००४. हॉलंडमध्ये भारत, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलियाची तिरंगी स्पर्धा तोंडावर आली होती आणि सचिन तेंडुलकरचं डावं कोपर दुखायला लागलं. ती स्पर्धा तो खेळलाच नाही. ऑक्टोबरात नागपूरच्या कसोटीत परतला, पण दुखणं मुक्कामाला राहिलं. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्या काळात मुलाची प्लास्टिकची बॅटसुद्धा उचलवत नव्हती, असं त्यानं पुढे सांगितलं. ‘टेनिस एल्बो’ हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला तो तेव्हा.

टेनिसशी मात्र बहुतेक रुग्णांचा काही संबंध नसतो. चादरी पिळणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बायका, पान्याशी दिवसभर झुंजणारे मेकॅनिक, भिंती रंगवणारे कारागीर यांचंही कोपर तिथेच दुखतं. चहाचा भरलेला कप उचलताना बाहेरच्या हाडाच्या टोकावर कळ उठते. मनगट मागे वळवणारा स्नायू त्याच बोटभर जागेवर हाडाला चिकटलेला असतो.

स्नायूला हाडाशी बांधणारा दोर म्हणजे टेंडन आणि हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा म्हणजे लिगामेंट. हे दोन्ही हाडात जिथे रुजतात, त्या जागेला वैद्यकात ‘एन्थेसिस’ म्हणतात. शरीरात अशा शंभराहून अधिक जागा आहेत. मोबाइलच्या चार्जरची वायर मधे सहसा तुटत नाही, पिनेच्या तोंडाशी तुटते, कारण मऊ वस्तू कडक वस्तूला मिळते तिथेच सगळा ताण गोळा होतो. शरीरानं त्यावर तोड काढली आहे: आधी दोर, मग कूर्चेसारखा लवचीक थर, मग चुना बसलेली कूर्चा आणि शेवटी हाड. मऊपणा एका झटक्यात संपत नाही, पायरीपायरीनं कडक होत जातो. ही रचना सुंदर आहे, पण त्या कूर्चेत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. म्हणून तिथली झीज लवकर भरून येत नाही.

पुष्कळ वर्षं टेनिस एल्बो म्हणजे सूज, दाह असं मानलं जाई. अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट निर्शल यांनी १९७९ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचं वर्णन मांडलं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी जवळपास नव्हत्याच. विस्कटलेले तंतू होते आणि त्यांत घुसलेल्या नव्या, बारीक रक्तवाहिन्या होत्या. म्हणजे आग नव्हे, फसलेली डागडुजी. स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे छान वाटतं, पण वर्षभरानं पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेले रुग्ण बरेचदा जास्त बरे असतात, हे कोडं इथे उलगडतं.

टाचेची गोष्टही अशीच. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल काटा रुतावा तसं दुखतं, दहा पावलांनी सैल होतं. तळपायाचा जाड पट्टा टाचेच्या हाडात रुजतो तिथे ताण बसलेला असतो. वाढलेलं वजन, दिवसभराचं उभं काम आणि आखडलेली पोटरी ही नेहमीची कारणं. मग एक्स-रे काढला जातो, टाचेच्या हाडाला टोक आलेलं दिसतं आणि ‘हाड वाढलंय’ हा शिक्का बसतो. पण असं टोक मुळीच न दुखणाऱ्या कित्येक टाचांतही असतं. दुखण्याचं खापर त्या टोकावर फोडणं चूक आहे, आणि ही चूक आजही सर्रास होते.

वाढत्या वयातल्या मुलांचा प्रकार वेगळा. खो-खो, कबड्डी, फुटबॉल खेळणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली दुखरा उंचवटा येतो. तिथलं हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं आणि मांडीचा बलदंड स्नायू त्याला ओढत राहतो. बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लाटर यांनी १९०३ साली स्वतंत्रपणे याचं वर्णन केलं. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणंही थांबतं.

डॉक्टरची खरी कसोटी लागते ती टाच टाचेमुळे दुखत नसते तेव्हा.

पंचविशीतला तरुण. आधी एक टाच दुखली, मग दुसरी. चपला बदलल्या, मऊ पॅड झालं, गोळ्या झाल्या. पहाटे कंबर आखडून जाग येते हे तो सांगतच नाही, कारण टाचेच्या डॉक्टरला कंबर कशाला सांगायची? आणि डॉक्टरही विचारत नाही. १९७१ मध्ये जॉन बॉल यांनी दाखवून दिलं होतं, की मणके एकमेकांना सांधून टाकणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये दाह मुख्यतः या रुजण्याच्या जागांवर असतो. १९९८ मध्ये लीड्सच्या डेनिस मॅकगोनॅगल यांनी ही कल्पना पुढे नेली: दाह आधी इथे पेटतो आणि मग सांध्यात पसरतो. सोरायसिसबरोबर येणारी संधिवाताची जात याच कुळातली.

म्हणून प्रश्न महत्त्वाचे. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो का? विश्रांतीनं वाढतो आणि हालचालीनं कमी होतो का? डोकं किंवा कोपरं यांवर खवले धरतात का? डोळा कधी लाल होऊन दुखला होता का? घरात कुणाला असं आहे का?

मग अंगठा. नखाचं टोक पांढरं पडेपर्यंत, म्हणजे साधारण चार किलोचा दाब देऊन, ठरलेल्या जागा एकेक करून तपासतात. एका पद्धतीत अशा तेरा जागा आहेत, दुसरीत सहाच. अडचण अशी, की फायब्रोमायल्जियात अंगभर दुखतं तेव्हा याही जागा दुखतात. तिथे सोनोग्राफी कामाला येते. पॉवर डॉप्लरवर, हाडाच्या अगदी लगत, जिथे रक्तप्रवाह दिसायला नको तिथे लाल ठिपके चमकले, तर दाहाचा संशय बळावतो. एमआरआय हाडाच्या आतली सूज दाखवतो. साध्या एक्स-रेत बदल दिसायला वर्षं जातात. दाहाची चाहूल देणारी रक्तातली सीआरपी कित्येकदा नॉर्मल येते. १९७३ पासून ठाऊक असलेली एचएलए-बी२७ ही जनुकीय खूण पॉझिटिव्ह आली म्हणून निदान होत नाही. ती असलेल्या बहुसंख्य लोकांना अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस कधीच होत नाही.

औषधांचीही चौकशी हवी. लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गोळ्यांनी टाचेमागचा टेंडन दुखू शकतो, क्वचित तुटूही शकतो. साठी ओलांडलेल्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००८ मध्ये यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

आणखी एक कारण विदर्भ-मराठवाड्यानं विसरता कामा नये. १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात पाण्यातल्या फ्लोराइडनं हाडं जखडलेली माणसं नोंदवली गेली. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विंधणविहिरींच्या पाण्यात आजही फ्लोराइड आढळतं. वर्षानुवर्षं ते पोटात गेलं, की लिगामेंट आणि टेंडन रुजतात तिथे चुना चढतो, मान वळेनाशी होते, उकिडवं बसता येत नाही. चेहरा संधिवाताचा, गोळ्याही संधिवाताच्याच चालू राहतात. अशा वेळी कोपर ते मनगटापर्यंतचा एक साधा एक्स-रे पुष्कळ काही सांगून जातो: हाताच्या दोन हाडांमधल्या पातळ पडद्यावर हाडासारखी पांढरी रेघ उमटलेली असते. तो पाहिल्यावर लघवीतलं फ्लोराइड मोजायचं आणि घरी परतताना त्या माणसाला सांगायचं, की ज्या हातपंपाचं पाणी पिता, त्याची एक बाटली भरून तपासणीला द्या. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीड ही शेवटची मर्यादा. आणि त्याच पंपावर पाणी भरणारी शेजारची घरं कोणती, तेही विचारून घ्यायचं.