नावाला पर्यायी शब्द नसतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. अडखळत बोलणारा एखादा मुलगाही तिथे सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून शब्दन् शब्द घडाघडा म्हणतो. प्रार्थना संपते. शेजारचे काका विचारतात, "नाव काय रे बाबू तुह्यं?" आणि पहिलंच अक्षर ओठांवर अडून बसतं. जीभ तीच, श्वास तोच. मग मिनिटभरात बिघडलं काय?

जिभेचं काहीच बिघडलेलं नसतं. म्हणून तर वेखंड उगाळून चाटवल्याने तोतरेपणा जात नाही. कुणाची नक्कल केल्याने किंवा भित्र्या स्वभावामुळे तो येतही नाही. बोलताना छाती, गळा, जीभ, ओठ यांचे कितीतरी स्नायू डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरल्या क्रमाने हलवायचे असतात. हा ताल मेंदू धरतो, आणि काहींच्या मेंदूत त्याची जोडणी जरा वेगळी असते. बऱ्याचदा ती घराण्यातून येते. २०१० साली तोतरेपणाशी निगडित पहिली जनुकं सापडली. आतला ताल चुकतो तिथे बाहेरचा सावरून घेतो, असं शास्त्रज्ञांना वाटतं. खंजिरीच्या भजनात, वर्गात एकसुरात पाढे म्हणताना बोलणं वाहतं ते त्यामुळेच.

एकट्याने बोलताना मग पळवाटा शोधल्या जातात. 'दादा'तला 'द' निघेना, तर 'भाऊ' म्हणायचं. पण कंडक्टरला 'पांढरकवडा' हेच सांगावं लागतं आणि स्वतःच्या नावाला तर दुसरा शब्दच नसतो. म्हणून नेमकं तिथेच अडतं.

अमेरिकेतले वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे होते. तरुणपणी शेतावर कामाला राहताना त्यांनी चक्क मुकेपणाचं सोंग घेतलं होतं! पुढे त्यांनी लोकांना उलटंच शिकवलं: लपवू नका, मुद्दाम, सावकाश, न झगडता अडखळा. लपवायचं काही उरलं नाही की भीतीही ओसरू लागते. आत्मविश्वास येतो तो असा, अडखळणं पूर्ण थांबायची वाट न पाहता.

लहानपणी अडखळणाऱ्या बहुतेक मुलांचं बोलणं आपोआप सुधारतं. तरी जगभरचा ढोबळ हिशेब शंभरात एक असा आहे. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाखांवर होती. म्हणजे इथेच अशी हजारो माणसं असणार. मूल अडखळत राहिलं, तर स्पीच थेरपिस्टकडे लवकर न्या. आणि कुणी नाव सांगताना अडलं, तर ते तुम्ही पूर्ण करू नका. थोडं थांबा. नाव त्याचं आहे, त्यालाच सांगू द्या.