जीप लादून नेली, तर बिघडलं कुठे?

पुण्या-सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद असा राष्ट्रीय महामार्ग 65 धरून बीदर-कलबुर्गीच्या कच्च्या वाटांकडे निघालात आणि जीप ट्रेलरवर असली, की ढाब्यावर शेरा ठरलेला: ‘चालवायची नव्हती, तर फोर बाय फोर घेतली कशाला?’

घेतली ती चिखलासाठी, महामार्गासाठी नव्हे. पुण्याहून बीदर चारशे किलोमीटरच्या वर. जाडजूड नक्षीचे मड टायर डांबरावर भराभर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला उशिरा दाद देतात. फोर बाय फोर घालून महामार्गावर पळवणं सुरक्षित, हा तर आणखी वेगळा भ्रम. जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात. कोरड्या डांबरावर वळताना चाकांना घसरायला जागा मिळत नाही, मग सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो.

खरा प्रश्न परतीचा असतो. भालकी-औरादकडची काळी जमीन पावसात कणकेसारखी चाकाला चिकटते. टायरची नक्षी एकदा भरली की चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. अशा ओढाताणीत टाय रॉड वाकला, तर सोमवारी कामावर कसं पोचायचं?

‘मग बांधू दोर आणि नेऊ टोचन करून!’ इथं थांबा. रस्त्यावर दोराने ओढायची ती बंद पडलेली गाडी, तीही जवळच्या गॅरेजपर्यंत. 1989 च्या रस्ते नियमांनी त्यासाठी वेग ताशी 24 किलोमीटर आणि दोन गाड्यांतलं अंतर जास्तीत जास्त पाच मीटर ठेवलं होतं. सहलीला जायची ही रीत नव्हे. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरू दिली, तरी प्रोपेलर शाफ्ट फिरतोच. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंप मात्र इंजिन बंद असल्यामुळे थंड पडलेला असतो, आणि गिअरबॉक्स कोरडाच घासत राहतो. म्हणून चारही चाकं वर हवीत.

ट्रेलर घरचा असला म्हणजे कागद लागत नाहीत, असंही बरेच जण मानतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतःच मोटार वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, विमा वेगळा.

जीप चढवायची ती इंजिन पुढे ठेवून. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हूकवर यायला हवा. वजन मागे गेलं की ट्रेलर शेपटी हलवू लागतो, आणि वेग वाढला की सावरत नाही. पट्टे बंपरला अडकवू नका. चासीला बांधले तर खड्ड्यात सस्पेन्शन दबतं आणि पट्टा सैल पडतो. म्हणून ते चाकांवरून किंवा ॲक्सलला घ्या, आणि थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा आवळा. ट्रेलरचा गोळा ओढून नेण्यापुरताच आहे. चिखलात रुतलेली गाडी त्याला दोर लावून उपसू नका. तो तुटून उडाला तर जीव घेतो.

साधी, कंपनीतून आली तशी थार असेल, तर खुशाल चालवत जा. टायरमधली हवा वाटेवर कमी केली असेल, तर परतताना डांबराला लागण्याआधी भरा. जुनी पाट्यांची जीप मोठे टायर लावून नेणार असाल, तर फ्लॅटबेड भाड्याने घ्या, पैसे वसूल होतात.

आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीच्या अभयारण्यात गाडी चालवत आलेली असो की लादून, 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय आत जाता येत नाही.